पलंगाखालच्या चपला

काकांच्या घरी पहिल्या दिवशी मी सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या आणि तिथंच आमची पहिली चकमक झाली. काका दारात उभे होते. माझी बॅग घ्यायची सोडून ते वाकले, माझ्या चपला उचलल्या, तरातरा आतल्या खोलीत गेले आणि मला झोपायला दिलेल्या पलंगाखाली त्या ठेवून आले. टाचा पलंगाकडे, अंगठे बाहेर.

"अशा," ते म्हणाले. "उठलं की पाय आत. शोधाशोध करायची नाही."

वडीलधाऱ्या माणसानं आपल्या चपला हातात धरलेल्या बघून मी ओशाळून गेले. शिवाय मी पडले पुण्याची. आमच्या घरी उंबऱ्याच्या आत चपलेचं टोक जरी आलं तरी आई हातातलं काम सोडून बघायची. मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे असंच आहे बाई. चहा घेणार की सरबत?" एवढ्यावर त्यांनी विषय संपवला. त्या कितव्यांदा तो संपवत होत्या कोण जाणे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईत ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत मला गणिताच्या शिक्षिकेची नोकरी लागली होती आणि एकट्या बाईला राहायला घर मिळत नव्हतं. मराठी मंडळात कुणीतरी सांगितलं, शाळेच्या मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब खोली देतं, फक्त घरमालक जरा वेगळे आहेत. वेगळे म्हणजे काय, असं मी विचारलं, तर सांगणारी नुसती हसली होती.

हे घरमालक म्हणजेच काका. ते एका काचेच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. दुबईत तेव्हा जिकडेतिकडे टॉवर उठत होते आणि त्यांच्या अंगावर काचा चढवायचं काम ही कंपनी करायची. दिवसभर हा माणूस काचा विकायचा आणि घरात त्याच्या काच म्हणून नव्हती. पाहुण्यांना सरबत स्टीलच्या पेल्यात. फोटोंच्या फ्रेमला काच नाही, देवघरातल्या तसबिरींनाही नाही. काकूंच्या पार्ल्याच्या आत्यानं लग्नात दिलेला आरसा काकांनी कधीच कुणाला तरी देऊन टाकला होता, त्यामुळे त्यांची लेक, तेव्हा नववीत असलेली, न्हाणीघरातल्या वीतभर आरशात मान वाकडी करून वेणी घालायची. कपाटं भिंतीला स्क्रूनं आवळलेली. हॉलमध्ये सोफा नव्हताच, कारण सगळी जागा एका अवाढव्य सागवानी डायनिंग टेबलानं अडवली होती. आलेला माणूस त्या टेबलाभोवती मीटिंगला आल्यासारखा बसायचा. मंडळातले लोक काकांना कंजूष समजत.

ते कंजूष नव्हते. भूकंपाची तयारी करत होते.

आता दुबईत आणि भूकंप! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोठ्यानं हसले होते. काका रागावले नाहीत. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या डिश अँटेनांकडे बोट केलं. "तिकडे इराण. मधे एवढंसं पाणी. तिकडे हललं की इकडे झुंबरं झुलणार. बिल्डिंग सहसा माणूस मारत नाही, बिल्डिंगमधल्या वस्तू मारतात."

"आणि ज्वालामुखी?" मी चेष्टेनं विचारलं.

"ज्वालामुखी इथं नाही. उगाच घाबरायचं नाही," असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

त्यांना एका जागी बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. जेवताना डावा पाय सारखा हलत असायचा. हॉटेलात गेलो की वेटर दाखवेल ते टेबल त्यांना कधी चालायचं नाही; आधी वर बघायचे, मग खिडकी, मग दार, आणि तोवर आम्ही तिघी पर्सा सावरत मधल्या वाटेत उभ्या. मॉलमध्ये झुंबराखालून ते लांबून वळसा घालून जात. मंडळाच्या नाटकाला दाराजवळची खुर्ची मिळाली नाही तर तीन अंक मागे उभे राहून बघत. आणि घरी टेबलावर सतत एक पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला असायचा. तो प्यायचा नाही. बोलता बोलता काकांची नजर त्या पाण्यावर जायची. लेक बिलंदर होती. मधूनच टेबलाच्या पायाला गुडघ्यानं हळूच ढोसायची. पाण्यावर वलय उठलं की काका खुर्चीतून ताडकन उभे राहायचे, आणि ती शांतपणे म्हणायची, "बाबा, रिलॅक्स. इट वॉज मी."

शुक्रवारी सुट्टी. सगळी दुबई अंथरुणात लोळत असताना आमच्याकडे सकाळी काका हॉलच्या मधोमध उभे राहून ओरडत, "हललं!"

"अहो, फोडणी टाकलीय!" स्वयंपाकघरातून काकू.

"गॅस बंद! टेबलाखाली! यल्ला, चला!"

"बाबा, इट्स फ्रायडे!"

"भूकंपाला वीकेंड नसतो. चल आत."

मग आम्ही चौघं त्या टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. काकूंच्या हातात कालथा. काका मनातल्या मनात काहीतरी मोजायचे आणि एकदम म्हणायचे, "खलास, थांबलं." मग पलंगापाशी जाऊन चपला घालायच्या, लिफ्टकडे ढुंकूनही न बघता जिन्यानं उतरायचं आणि रस्त्यापलीकडच्या रेताड पार्किंगमध्ये जाऊन उभं राहायचं. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, एक पठाण होता. तो दर शुक्रवारी न चुकता विचारायचा, "साब, आज भी हिला?"

"आज नहीं हिला. इन्शाल्ला कभी नहीं हिलेगा," काका म्हणत आणि परत येताना खालच्या मोठ्या काचेच्या दारावर बोटाची टकटक करत. "मालिक को बोला क्या? ये साधी काच है. टफन्ड लगाओ बोलो. ये टूटेगी तो सुरी जैसी टूटेगी." नातूर मान डोलवायचा. दार तेच राहिलं.

लेकीला या शुक्रवारांची मनापासून लाज वाटायची. समोरच्या बिल्डिंगमध्ये तिच्या वर्गातल्या दोन मुली राहायच्या आणि त्या बाल्कनीतून बघायच्या. "दे कॉल अस द अर्थक्वेक फॅमिली," ती मला म्हणाली होती, डोळ्यांत पाणी आणून. मला तिची दया यायची. काकांना मी एकदोनदा सांगून बघितलं. ते म्हणाले, "हसू देत. हसल्यानं काही होत नाही."

अक्षतांनंतर जेवणं व्हावीत तसा ड्रिलनंतर फोन. गावी चुलतभावाला. काका कोयनेच्या खोऱ्यातले, पाटणपासून आत कुठेतरी. इतर लोक फोनवर आधी तब्येत विचारतात. काका विचारत, "हललं का?" तिकडून बहुधा "हललं थोडं मंगळवारी" असं काहीतरी यायचं, कारण त्या भागात जमीन अधूनमधून हलतच असते, आणि मग काका निश्चिंत होऊन म्हणत, "बरं, बाकी काय?" घरी इंटरनेट आल्यावर तर विचारूच नका. टेलिफोनची लाइन अडवून ते संध्याकाळभर जगातले धक्के बघत बसायचे, आणि काकूंची बहीण मस्कतहून फोन लावून लावून थकायची.

एवढं सगळं काकूंनी आयुष्यभर चालवून घेतलं. त्या एकदाच फुटल्या, मी आले त्या वर्षीच्या गणपतीत.

काकांकडे दीड दिवसाचा गणपती असायचा. हॉलमधलं ते टेबल भिंतीला लावून त्यावरच मखर. त्या वर्षी काकूंनी ठरवलं होतं की निदान दोन दिवस घर घरासारखं दिसलं पाहिजे. पलंगांखालच्या सगळ्या चपला त्यांनी स्वतः बाहेर काढून कॉरिडॉरमध्ये नेऊन ठेवल्या आणि काकांना दरडावलं, "गणपती जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." काका बोलले नाहीत. पण आरतीला मंडळाची माणसं जमू लागली, दाराबाहेर चपलांचा ढीग वाढू लागला, तसा त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. तबक माझ्या हातात देऊन ते दोनदा बाहेर डोकावून आले. एवढी माणसं आत, सगळी अनवाणी, आणि बाहेर पडायच्या वाटेवर चपलांचा डोंगर. त्यांच्या दृष्टीनं याहून भयंकर देखावा नसेल.

आरती झाली, प्रसाद झाला, मंडळी निघाली आणि दारात गलका उठला. बाहेर एकही चप्पल नव्हती.

"दुबईत चपलाचोर?" कुणीतरी म्हणालं.

चोर आतल्या खोलीत उभा होता. आम्ही टाळ्या वाजवत असताना काकांनी ओंजळी भरभरून तो सगळा ढीग आत आणला होता आणि पलंगाखाली, पलंगाभोवती, खिडकीपर्यंत जोड लावून ओळीनं मांडला होता. मखराच्या नेमका मागे, मधे फक्त एक भिंत. गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे गुरुजी एरवी बँकेत नोकरी करायचे आणि सणावारी पूजा सांगायचे. ते म्हणाले, "अहो, देवाच्या पाठीशी पादत्राणं? मग पूजा कशाला मांडता?" लोक एकमेकांची नजर चुकवत आपापला जोड शोधू लागले. कुणी हसलं असतं तरी परवडलं असतं. काकू स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडल्या.

सगळे गेल्यावर त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज मला सांगा. पोरीसमोर सांगा. माझ्या घरी चार माणसांनी पुन्हा पाऊल टाकायचं की नाही?"

काका मखरासमोर खाली बसले. त्यांचा पाय तेव्हा हलत नव्हता, हे माझ्या चांगलं लक्षात आहे.

"मी तिसरीत होतो," ते लेकीकडे बघून म्हणाले. "पहाटे हललं. आईनं मला पांघरुणासकट उचललं. चपला पडवीत होत्या, आपल्याकडे सगळ्यांच्या असतात तशा, आणि पडवी बसली होती. कंदील पडून फुटला होता. त्या काचेवरून ती मला घेऊन अनवाणी बाहेर आली. मला साधा ओरखडासुद्धा नाही. घराच्या दोन भिंती पडल्या होत्या. जो येईल तो भिंती बघायचा. पंचनाम्याला माणसं आली, त्यांनीही भिंती बघितल्या. तिच्या टाचेत काच घुसलीय हे कुणी बघितलं नाही. ती पण बोलली नाही, तिला आधी तंबूत चूल मांडायची होती. पंधरवड्यात धनुर्वातानं गेली." ते पुढे म्हणाले, "लोक सांगतात भूकंपात गेली. भूकंपात नाही गेली. पायात काही नव्हतं म्हणून गेली."

इतके महिने या माणसाला आपण मनात विक्षिप्त म्हणत आलो याचं मला वाईट वाटत होतं. मी विचारलं, "मग काका, काचेच्याच धंद्यात कसे पडलात?" ते म्हणाले, "डोळ्यांसमोर असलेली बरी."

दुसऱ्या दिवशी विसर्जन करून आलो तेव्हा चपला पलंगांखाली परत गेल्या होत्या. काकूंनीच ठेवल्या होत्या. लेकीचे शाळेचे बूटही तिच्या पलंगाखाली होते, टाचा पलंगाकडे, अंगठे बाहेर. शुक्रवारी मात्र ती पुन्हा म्हणाली, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," आणि टेबलाखाली जाऊन बसली.

मग एका साध्यासुध्या दुपारी तो आला.

शाळा सुटून मी आणि लेक घरी आलो होतो. मी टेबलावर वह्या तपासत होते, काकू आत आडव्या झाल्या होत्या. समोरच्या पेल्यातल्या पाण्यावर वलय उठलं. मी मान वर न करता म्हटलं, "पुरे गं आता." उत्तर आलं नाही म्हणून वर बघितलं तर ती माझ्यापासून लांब, फ्रिजपाशी उभी होती. हातात लबानची, म्हणजे ताकाची, बाटली. तीही पेल्याकडेच बघत होती. पाणी काठावरून सांडलं, ट्यूबलाइट झुलू लागली, आणि ही इंग्रजीशिवाय न बोलणारी मुलगी जिवाच्या आकांतानं मराठीत ओरडली, "हललं!"

पुढचं सगळं हातापायांनी आपलं आपणच केलं. टेबलाखाली. मला काकूंचं मनगट घट्ट धरल्याचं आठवतं आणि खालून वर येणारी एक घरघर. "खलास, थांबलं," लेक म्हणाली, अगदी बापासारखं. गॅस बघितला. पलंगाखाली पाय घातले, चपला तिथं होत्या. जिना उतरलो, रस्ता ओलांडला, पार्किंगमध्ये पोचलो. बिल्डिंगमधले बाकीचे लोक नुसतेच घाबरून बाहेर येत होते, कुणी लिफ्टपाशी खोळंबलेलं, कुणी टॉवेलवर. आमच्यासारखं शिस्तीत कुणीच आलं नव्हतं. मला त्या भीतीतही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात काकू एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारू लागल्या. त्या अनवाणी होत्या.

"अगं, चपला?"

"घातल्या होत्या की!" काकू कावऱ्याबावऱ्या झाल्या. मग त्यांना आठवलं. दाराशी देवघर होतं. जाता जाता देवाला नमस्कार करावा म्हणून त्या थांबल्या होत्या, आणि देवासमोर उभं राहायचं म्हणून चपला काढल्या होत्या. बाळकृष्ण मुठीत घेतला आणि तशाच निघाल्या. इतक्या वर्षांच्या ड्रिलमध्ये हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण ड्रिलच्या वेळी नमस्कार करण्याइतकी भीती कुणाला वाटलीच नव्हती.

वाळू तापलेली होती. लेकीनं आपल्या गुलाबी स्लिपर काढून आईच्या पायांत सरकवल्या. मी शेजारच्या बाईंना धीर देत होते; वळून बघते तो लेक नाही. "ती म्हणाली चपला घेऊन येते," काकू म्हणाल्या आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी बिल्डिंगकडे धावले. त्याच क्षणी दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ नवाकोरा टीव्ही पोटाशी धरून घाईघाईनं बाहेर येत होते. टीव्हीचा कोपरा त्या मोठ्या दाराला लागला. भूकंपानं आमच्या गल्लीत टाचणीसुद्धा पाडली नव्हती, पण ते दार वरपासून खालपर्यंत फुटलं, आणि काका सांगत तसंच, सुऱ्यांसारखं.

काकांची गाडी याच वेळी आली. त्यांना धक्का जाणवलाच नव्हता. जन्मभर वाट बघितली आणि हा माणूस नेमका सिग्नलला उभा, त्यांना वाटलं इंजिन थरथरतंय. मंडळातल्या कुणीतरी मोबाइलवर सांगितलं होतं, "अहो, आला तुमचा भूकंप!" गाडी वाळूत कशीतरी सोडून ते धावत आले. त्यांनी बिल्डिंगकडे बघितलं नाही, आमच्या तोंडांकडेही नाही. ते आमच्या पायांकडे बघत आले. माझे पाय बघितले. काकूंचे बघितले, त्यांतल्या गुलाबी स्लिपर बघितल्या, आणि दुसरं काही न विचारता म्हणाले, "ती कुठाय?"

काकूंनी जिन्याकडे हात केला. मी म्हटलं, "वर. काकूंच्या चपला आणायला."

काकांचं तोंड मी कधीही विसरणार नाही. त्यांनी शिकवलेलं तिनं ऐकलं होतं, आणि त्यापायीच ती परत आत गेली होती.

ते दाराशी पोचले तेवढ्यात ती जिन्यावरून धडाधड उतरत आली. दोन्ही हातांत आईची एकेक चप्पल, उंच धरलेली. पाय उघडे. मधे सगळीकडे काचा.

"थांब! हलू नकोस!"

ती पायरीवर थिजली. काका आत गेले. त्यांच्या ऑफिसच्या काळ्या बुटांखाली काच करकर वाजत होती. त्यांनी वाकून तिला उचललं, जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या मुलीला, आणि फुटलेल्या दारातून छातीशी धरून बाहेर आणलं. सगळी बिल्डिंग बघत होती. समोरच्या बाल्कन्यांखाली त्या दोन मुली उभ्या होत्या.

"बाबा, पुट मी डाउन. एव्हरीवन इज वॉचिंग."

"बघू देत," काका म्हणाले.

तिनं मग आईच्या चपला हातात धरूनच त्यांच्या गळ्यात हात टाकले. त्यांनी तिला गाडीच्या बॉनेटवर बसवलं, खिशातला रुमाल काढला, तिच्यासमोर वाळूत गुडघे टेकले आणि तिचा एक पाय मांडीवर घेतला. तळवा पुसला, बोटं एकेक करून बघितली, टाच अंगठ्यानं चाचपली. मग दुसरा पाय. कुठेही काही नव्हतं, नुसती धूळ होती. काकू म्हणाल्या, "अहो, काही लागलेलं नाही तिला, उठा आता." काकांनी पुन्हा पहिला पाय हातात घेतला आणि टाच उजेडाकडे वळवली.